न बोलणाऱ्यांचं घर

मिठबाव,
२८ एप्रिल १९६०

ती. सौ. अक्का,

जानकीचा नमस्कार. दत्ताराम भावोजींनाही सांगा. आंबा उतरवायचे दिवस असल्यामुळे तुमच्या दोन पत्रांना उत्तर द्यायचं राहिलं, रागावू नका.

आज लिहायला बसले ती आमच्या शेवूसाठी. परवा निकाल लागला आणि परशुराम गुरुजींनी तिला तिसरीतच ठेवलंय. तिचे पेपर मी शाळेत जाऊन डोळ्यांनी पाहिले. गणितं सगळी बरोबर, शुद्धलेखनात एकच चूक. मी गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "बाई, तोंडी परीक्षा म्हणून काही असते. मुलगी उभी राहते आणि जमिनीकडे बघते. फेब्रुवारीत डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले होते. त्यांनी साधं विचारलं, आपल्या तालुक्याचं नाव काय? ही गप्प. सगळ्या वर्गाची मान खाली गेली. तिच्यात काही कमी आहे का, ते डॉक्टरला दाखवून घ्या."

घरी येऊन मी शेवूला विचारलं, "तालुक्याचा नाव काय गो?"

"देवगड."

"मगे सायबांक कित्याक सांगलंस नाय?"

तर म्हणते, "तेंका ठावक आसताला."

हसावं की रडावं? ह्यांचंच रूप आहे, अक्का. माझं लग्न झालं तेव्हा मी मालवणच्या भरबाजारातल्या बारा माणसांच्या घरातून इथे आले. पहिल्या महिन्यात तुमच्या भावाच्या तोंडून मी मोजून दहा वाक्यं ऐकली असतील. मला वाटलं, मी पसंत नाही. एक दिवस रडत रडत विचारलं, "माज्याकडना काय चुकला?" ते इतके गोंधळले! म्हणाले, "नाय गे, कित्याक?" आणि कुदळ घेऊन बागेत गेले. आता बारा वर्षांनी मला त्यांच्या गप्प राहण्याचं काही वाटत नाही. पण ते पुरुष आहेत, आणि झाडांना बोलणारा माणूस लागत नाही. शेवूला उद्या परक्या घरात जायचंय. गावातली पोरं तिला आतापासूनच घुमी म्हणतात. तिथे सासरी कोण तिच्यासाठी बारा वर्षं थांबेल?

तुम्ही मोठ्या आहात. काय करू ते सांगा.

तुमची,
जानकी


गिरगाव, मुंबई,
५ मे १९६०

चि. सौ. जानकी,

खूप खूप आशीर्वाद. पत्र वाचलं आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी मला कळलं नाही, इतकी मी विचारात पडले.

काय करू म्हणून विचारतेस? पोरीला माझ्याकडे पाठव. अगदी ह्याच महिन्यात, पावसानं बोट बंद व्हायच्या आत. आमच्या चाळीत बत्तीस बिऱ्हाडं आणि पोरांची तर गणतीच नाही. इथे तोंड उघडल्याशिवाय नळावर पाणीसुद्धा मिळत नाही! एका वर्षात तुझी शेवू अशी बोलकी होईल की तुला ओळखू येणार नाही.

तुला एक सांगते. तुझ्या नवऱ्याचं, आमच्या गुरुचं असंच झालं आणि आम्ही कुणी काही केलं नाही. लहानपणी मीच त्याच्या वतीनं बोलायची. पाहुणे आले की तो दाराआड. आई विचारायची, "गुरु, जेवतलंस?" की मी म्हणायची, "तेका भूक लागलीहा." चार वर्षांनी मोठी ना मी त्याच्याहून! मग सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला इथे कापडाच्या दुकानात चिकटवून दिलं, तर चार महिन्यांत घाबरून पळून आला. वडील रागावले नाहीत, म्हणाले, राहू दे, कलमं बांधील. माझ्या मते तिथेच वडिलांचं चुकलं. परत पाठवायला हवं होतं. एवढा हुशार माणूस, त्याचं आयुष्य झाडांच्या फांद्या एकमेकांना बांधण्यात गेलं. पोरीचं तसं होऊ द्यायचं नाही.

माझ्याकडे काय कमी आहे? दोन माणसं आम्ही. हे सकाळी बंदरावरच्या कचेरीत जातात ते सहाला येतात. तिची शाळा, खाणं, कपडे सगळं मी बघेन. हो म्हण.

तुझी,
सुगंधा अक्का


मिठबाव,
१४ मे १९६०

ती. सौ. अक्का,

शेवूला पाठवते आहे. वीस तारखेच्या बोटीनं आमच्या शेजारचे सत्यवान आणि त्यांची बायको मुंबईला परतताहेत, त्यांच्यासोबत येईल.

तुमचं पत्र मी ह्यांना जेवताना वाचून दाखवलं. हात थांबला, मग ताट संपवलं आणि उठून बागेत गेले. दुसऱ्या दिवशी मी परत विचारलं, "मगे धाडूया मा?"

"तुका काय वाटता?"

"माका बरा वाटता."

"हूं," म्हणाले. तेव्हा त्यांचीही ना नाही.

शेवू रडली नाही. "कितके दिस?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, वर्षभर. तर आत जाऊन तिने आपली पाटी आणि दोन परकर एका फडक्यात बांधून ठेवले, निघायला अजून सहा दिवस आहेत तरी.

एक सांगते, तिला सकाळी उठल्यावर लगेच कुणी बोललेलं आवडत नाही. थोडा वेळ पायरीवर बसते. मी ओरडते, पण ह्यांनी सांगितलंय की बसू दे. आणि तिला चारचौघांत हाक मारून काही करून दाखव म्हटलं की तिचे कान लाल होतात. ह्या सवयी तुमच्याकडे जातीलच म्हणा, पण सुरुवातीला थोडं सांभाळून घ्या.

तुमची,
जानकी


गिरगाव, मुंबई,
१७ जुलै १९६०

चि. सौ. जानकी,

आशीर्वाद. शेवू मजेत आहे. शाळेत नाव घातलं. मी इथल्या बाईंना काही सांगितलं नाही, त्यांनी पेपर पाहून चौथीत बसवलं!

तुला माझी युक्ती सांगते. रोज संध्याकाळी मी तिला चाळीतल्या एका घरी पाठवते. जाऊन विचारायचं, "आज भाजी काय केली?" आणि येऊन मला सांगायचं. पहिल्या आठवड्यात दाराशी नुसती उभी राहायची, लोकच म्हणायचे, "सुगंधाबाईंची भाची ना? आज भेंडी." आता विचारते. तीन मजले झाले, वरचा एक राहिलाय. सकाळी पायरीवर बसायची सवयही मोडली. आमच्या जिन्याच्या पायरीवर बसली तर पन्नास माणसं ओलांडून जातील. मी उठल्या उठल्या तिच्याशी गप्पा मारते. आता गणपतीच्या कार्यक्रमात तिला कविता म्हणायला उभं करायचं ठरवलंय. रोज पाठ करून घेते.

थोडी हडकली आहे, पण पाणी बदललं की असं व्हायचंच. खाली तिच्याच हाताने दोन ओळी लिहवून घेतल्या आहेत.

तुझी,
सुगंधा अक्का

आई, मी बरी आहे. इथे खूप माणसं आहेत. बाबांना सांग. शेवंती.


मिठबाव,
३ ऑगस्ट १९६०

ती. सौ. अक्का,

पत्र पोचलं. शेवूच्या दोन ओळी ह्यांनी वाचल्या, घडी घातली आणि खिशात ठेवल्या.

घर फार गप्प झालंय. शेवू असताना ती काही बोलायची नाही, मग आता ती नसताना घर गप्प का वाटतं, हे माझं मलाच कळत नाही. करमेना म्हणून मी ह्यांच्यासोबत बागेत जाऊ लागले. सध्या कलमं बांधायचे दिवस. रायवळ आंब्याच्या रोपाची कुंडी हापूसच्या फांदीपाशी टेकवून दोघांची साल थोडी तासायची आणि केळीच्या खोडाच्या सोपटाने घट्ट बांधून ठेवायचं. मी सोपट भिजवून देते. पहिले दोन दिवस मी सारखी बोलत होते. तिसऱ्या दिवशी दमले.

बागेतला गडी शिवा मला म्हणाला, "वैनी, चेडू नाय तर बागेत मजा नाय. बापूस-लेक हंय बसान तासतास काढीत." मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं शेवू खेळायला जाते. मी ह्यांना विचारलं, "तुमी दोगा काय बोलत होतास?"

"कायच नाय," म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, मी विसरूनही गेले होते तेव्हा, म्हणाले, "तेच्यावांगडा बसूक येता." तिच्यासोबत नुसतं बसता येतं म्हणे!

शेवू बरी आहे ना? हडकली म्हणजे किती?

तुमची,
जानकी


गिरगाव, मुंबई,
१ सप्टेंबर १९६०

चि. सौ. जानकी,

आधी पेढे वाट, मग पुढे वाच. तुझी मुलगी बोलली!

रविवारी संध्याकाळी पाच वाजता चाळीच्या गणपतीपुढे मुलांचा कार्यक्रम झाला. तीनशे तरी माणसं असतील. शेवूचं नाव पुकारलं. ती स्टेजवर चढली, हात जोडले आणि सोळा ओळींची कविता एकही अक्षर न अडखळता म्हटली. आवाज असा खणखणीत की मागच्या गॅलरीपर्यंत गेला. टाळ्या थांबेनात. लोक म्हणाले पुन्हा, तर पुन्हा म्हटली! तिला पहिलं बक्षीस मिळालं, पितळेचा पेला. आमचे हे कधी डोळ्यांत पाणी आणत नाहीत, पण त्या दिवशी चष्मा पुसत होते.

आता सांग त्या परशुराम गुरुजींना, काय कमी आहे म्हणावं पोरीत? आणि गुरुलाही सांग. म्हणावं, अक्का लहानपणी तुझ्यासाठी बोलायची, आता तुझ्या लेकीला तिनं बोलतं केलं.

तुझी,
सुगंधा अक्का


मिठबाव,
११ सप्टेंबर १९६०

ती. सौ. अक्का,

पत्र वाचून मला इतका आनंद झाला की मी शेजारी जाऊन वाचून दाखवलं. मग ह्यांना वाचून दाखवलं. हे ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. तेव्हा त्यांनी विचारलं, "मगे ता खंय गेला?"

मी म्हटलं, "कोण खंय गेला?"

"चेडू. पेलो घेतल्यार खंय गेला?"

मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही. ते उठले, पण त्या दिवसापासून रोज एकदा विचारतात, अक्काचं पत्र आलं का. ह्यांनी आजवर कधी कुणाच्या पत्राची चौकशी केलेली नाही. मलाही आता त्यांचा प्रश्न सुटत नाही. बक्षीस घेतल्यावर शेवू कुठे गेली, अक्का?

लवकर लिहा.

तुमची,
जानकी


गिरगाव, मुंबई,
२३ ऑक्टोबर १९६०

चि. सौ. जानकी,

तुझ्या पत्राला सव्वा महिना उत्तर दिलं नाही. मध्ये दिवाळीही गेली. लिहायला बसायची आणि उठायची.

गुरुने बरोबर विचारलं. पेला घेऊन ती खाली उतरली ती मला दिसलीच नाही. मला वाटलं पोरांत असेल. लोक मला शाबासकी देत होते आणि मी, खरं सांगते, ती घेत होते. अर्ध्या तासाने शोधायला लागलो. बत्तीस घरं पाहिली, रस्ता पाहिला, ह्यांनी विहिरीतसुद्धा वाकून पाहिलं. दीड तास. शेवटी जिन्याखाली कोळशाची पोती ठेवायची जागा आहे, तिथे सापडली. पोत्यांच्या मागे गुडघ्यांवर डोकं ठेवून बसली होती. रडत नव्हती. मी ओढून बाहेर काढलं आणि, जानकी, मी तिला मारलं. भीतीने मारलं, पण मारलं.

दुसऱ्या दिवशी ताप आला. चार दिवस राहिला. पेढे वाट म्हणून तुला लिहिलं तेव्हा ती तापातच होती, ते मी लपवलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, दमली आहे. कविता म्हणून कुणी दमतं का? ताप उतरला, पण त्यानंतर ती फारच कमी बोलते. विचारलं तर हो-नाही. जेवण अर्धं. शाळेतून आली की मोरीत जाऊन बसते, मी दार वाजवलं की बाहेर येते. मी सगळं करून पाहिलं. नवा परकर आणला, राणीची बाग दाखवली, फटाके आणले. मी तिला काय त्रास दिला ते मला कळत नाही. मी तिला जीव लावला आहे ग.

तरी मी म्हणते, एप्रिलपर्यंत राहू दे. शाळेचं वर्ष मोडायला नको. मी आता बळजबरी करणार नाही. पण नेऊ नका, एवढं ऐक.

सुगंधा


मिठबाव,
२ नोव्हेंबर १९६०

ती. अक्का,

मी पत्र लिहीत नाही, तुला ठाऊक आहे. हे तीन दिवस लिहितो आहे.

तुझ्यावर राग नाही. हे आधी लिहितो, कारण मी गप्प असलो की माणसांना वाटतं मला राग आलाय.

तू जानकीला लिहिलंस की मी मुंबईतून घाबरून पळालो. मी घाबरलो नव्हतो. दुकानात मी गिऱ्हाइकांशी बोलायचो. मालक म्हणायचे, माल चांगला दाखवतोस. पण दुकान बंद झालं की माझ्यात काही उरायचं नाही. दिवसभर पोती उचलल्यावर हात थरथरतात, तसं माझं डोकं थरथरायचं. खोलीवर आम्ही अकरा जण. जेवताना बोलणं, झोपताना बोलणं. मी संडासाच्या रांगेत उभा राहायचो, गरज नसतानाही, कारण आत दोन मिनिटं एकटं मिळायचं. हसू नकोस. शेवू मोरीत जाऊन बसते हे वाचलं तेव्हा मला ते आठवलं.

बागेत एकटा असलो म्हणजे मला एकटं वाटत नाही. दिवसभरात ऐकलेलं तिथे हळूहळू खाली बसतं आणि मग मला दिसतं की मला काय वाटतंय. तुम्हा लोकांना विचारलं की उत्तर लगेच येतं. मला यायला कधी दुसरा दिवस लागतो. तोवर विचारणारा निघून गेलेला असतो. मग लोक म्हणतात, ह्याला काही वाटतच नाही. किंवा म्हणतात, शिष्ट आहे. मला माणसं नकोत असं नाही. थोडी हवीत, आणि मधे मधे मोकळी जागा हवी.

लहानपणी तू माझ्यासाठी बोलायचीस, ते मायेने. पण निम्म्या वेळी तुझं चुकायचं. भूक नसताना मी जेवलो आहे. तेव्हा वाटायचं, सांगण्यापेक्षा जेवणं सोपं. तुझं चुकतं हे तुला कधी कळलंच नाही, कारण मी कधी सांगितलं नाही.

आता माझी चूक लिहितो. मे महिन्यात जानकीने विचारलं, पाठवूया का. मला नको म्हणायचं होतं. मी "हूं" म्हटलं. वाटलं, तिला माझ्या गप्प राहण्यातून कळेल. तिला कसं कळणार? बारा वर्षं मी तिला अंदाज बांधायला लावले, आणि ह्या वेळी तिचा अंदाज चुकला तर तो तिचा दोष नाही. कमी बोलणं हा माझा स्वभाव आहे, त्याची मला लाज नाही. पण माझ्या मुलीसाठी एक शब्द बोलायचा होता आणि मी बोललो नाही, त्याची लाज आहे. ते मी स्वभावावर ढकलणार नाही.

शेवूने कविता म्हटली याचं मला नवल वाटलं नाही. तिला येतं. तिला त्याची किंमत किती पडते एवढंच कुणी पाहिलं नाही. तू मारलंस ते तू लिहिलंस, हे बरं केलंस.

बारा तारखेच्या बोटीने मी येतो आहे. तिला न्यायला. तोवर तिला कुणाच्या घरी भाजी विचारायला पाठवू नकोस. सकाळी तिच्याशी बोलू नकोस. तुझ्या गॅलरीत कोपरा असेल तर तिथे बसू दे.

गुरुदास


गिरगाव, मुंबई,
२७ नोव्हेंबर १९६०

चि. सौ. जानकी,

दोघं सुखरूप पोचल्याचं तुझं कार्ड मिळालं. काय काय झालं ते गुरु तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

तो आला तेव्हा शेवू गॅलरीच्या टोकाला बसली होती. मला वाटलं, धावत येईल, गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. तिने पाहिलं, त्याने पाहिलं. त्याने चपला काढल्या, पिशवी माझ्याकडे दिली आणि तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसला. मी चहा करून नेला, तर दोघं खाली रस्त्याकडे बघत बसलेले. चहा गार झाला. मी आत येऊन डोळ्यांना पदर लावला, कारण ह्या सहा महिन्यांत पोर माझ्याजवळ अशी एकदाही बसली नव्हती. तासाभराने मला तिचा आवाज ऐकू आला. बोलत होती! आपण होऊन! शाळेतली एक मुलगी, नळावरचं मांजर, बोटीवर तिला उलटी झाली ती, सगळं. मी दाराआड उभी राहून ऐकलं. मग म्हणाली, "बाबा, कोळशाच्या खोलीत बरा होता. थंय कोण काय इचारी नाय."

गुरु तीन दिवस राहिला. दुसऱ्या दिवशी शेजारपाजारचे भेटायला आले, तर दोन तास बसून सगळ्यांशी नीट बोलला. मी बघतच राहिले. ते गेल्यावर मला म्हणाला, "अक्का, आता माका जरा बसू दी," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अगदी दमलेला. मी त्याला जन्मापासून बघते आहे, पण त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जानकी, मी तुला एक खोटं सांगितलं होतं. तुझ्या मुलीला सुधारायला बोलावते म्हटलं. माझ्या घरात मूल नाही. हे सहाला येतात, पेपर वाचतात, जेवतात, झोपतात. मी बत्तीस घरांत बोलत फिरते ते माझ्या घरात मला ऐकायला कुणी नाही म्हणून. पोर मिळाली आणि मी तिच्यावर सगळं ओतलं. निघताना मी तिला विचारलं, "पुन्हा येशील ना?" तिने बराच विचार केला. म्हणाली, "येयन. पण तू जरा कमी बोल."

बरोबरच आहे तिचं. आता मी तोंडाला कुलूप घालायचं ठरवलंय.

सुगंधा


मिठबाव,
२० एप्रिल १९६१

ती. सौ. अक्का,

शेवू पास झाली. पण कशी ते सांगते.

डिसेंबरात तिला परत इथल्या शाळेत नेलं तेव्हा हे स्वतः सोबत आले. शाळेच्या व्हरांड्यात हे उभे, गुरुजी खुर्चीत. गुरुजी म्हणाले, "मुंबईची हवा लागली, आता तरी बोलेल ना?" मी तोंड उघडणार होते. ह्यांनी मला हाताने थांबवलं आणि ऑफिसात बोलतात तसं शुद्ध बोलायला लागले. "गुरुजी, मुलीला उत्तर येतं. चाळीस मुलांसमोर विचारलंत तर मिळणार नाही. तुमच्या टेबलाजवळ बोलावून एकटीला विचारा, मिळेल. आणि तिच्यात काही कमी आहे असं तिच्यासमोर पुन्हा म्हणू नका."

गुरुजी म्हणाले, "असा एकेकासाठी नियम बदलता येत नाही."

हे म्हणाले, "मी थांबतो." आणि खरंच थांबले! शाळा सुटेपर्यंत व्हरांड्यात उभे. दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी शेवूला टेबलाजवळ बोलावलं. त्यांचं तोंड आंबट होतं, पण विचारलं. तिने सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली, अगदी हळू आवाजात. तिला चौथीत घेतलं आणि आता पाचवीत गेली.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पोरं अजून घुमी म्हणतात. मार्चमध्ये डिप्टीसाहेब आले तेव्हा ती पुन्हा गप्प बसली. पण घरी येऊन रात्रभर मनाला लावून घेतलं नाही, जेवली आणि बागेत गेली. तेवढं मला पुरे आहे. मीही शिकते आहे. मला आता कळतं की शेवू दाराशी उभी राहिली की तिला काही सांगायचंय. मी हातातलं काम चालू ठेवते आणि विचारत नाही. पाच मिनिटांत सांगते. मला ती पाच मिनिटं फार जड जातात, पण मी मालवणची आहे, आणखी काय होणार.

आता तुमच्याबद्दल. अक्का, तुमची पत्रं आखूड झाली आहेत. जानेवारीत एक पान होतं. मार्चचं पत्र चार ओळींचं. सगळे बरे, उन्हाळा फार, शेवूला आशीर्वाद. ह्यांनी ते दोनदा उलटून पाहिलं, मागच्या बाजूला काही लिहिलंय का म्हणून. मग म्हणाले, "अक्काक बरा नाय?" मी म्हटलं, तुम्ही आणि तुमच्या लेकीने त्यांना गप्प बसवलंय. ह्यांचा चेहरा असा उतरला! दोन दिवस काही म्हणाले नाहीत. काल बागेतून आले ते सरळ स्वयंपाकघरात, आणि म्हणाले, "तिका लिही. अक्कान गप बसाचा नाय. ती गप रवली तर माका भंय वाटता."

शेवू शेजारी होती. म्हणाली, "मी कमी बोल म्हटलंय. बोलू नको खंय म्हटलंय?"

मेच्या सुट्टीत तुम्ही दोघांनी इकडे यायचं. भावोजींना रजा नसेल तर तुम्ही एकट्या या आणि महिनाभर राहा. मला दिवसभर बोलायला माणूस हवं आहे, अक्का. तेरा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. आपण दोघी मागच्या पडवीत बसू आणि वाटेल तेवढं बोलू. त्या दोघांना कंटाळा आला की ती दोघं उठून बागेत जातील, आपण राग मानायचा नाही. जेवायला परत येतीलच.

कोणत्या बोटीने निघता ते कळवा. देवगडच्या धक्क्यावर हे आणि शेवू न्यायला येतील. दोघं नुसती उभी राहतील आणि पिशव्या घेतील. प्रवास कसा झाला, असं काही विचारणार नाहीत. तुम्हीच सुरुवात करा.

तुमची,
जानकी